सीटीत ‘अॅनॉमलस ओरिजिन’ आलंय? पुढची ओळ वाचा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: “मॅडम, रिपोर्टमध्ये अॅनॉमलस ओरिजिन लिहिलंय, मग ब्लॉकेज किती टक्के?” अहो, ब्लॉकेज मुळीच नसेलही! अॅनॉमलस ओरिजिन म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, म्हणजेच करोनरी, नेहमीची जागा सोडून भलतीकडून निघणं. ब्लॉकेज नंतर साचतं, ही ठेवण जन्मापासूनची. दोन्ही एकत्र करू नका, कळकळीची विनंती आहे.

मूळ रचना पटकन सांगते. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी; तिच्या झडपेच्या लगेच वर तीन खळगे असतात. उजव्यातून उजवी करोनरी, डाव्यातून डावी, आणि डावीचे पुढे दोन फाटे: हृदयाच्या पुढून जाणारी एलएडी आणि मागे वळणारी सर्कमफ्लेक्स. अँजिओग्राफी केलेल्यांपैकी साधारण 1 टक्का लोकांत यात काहीतरी वेगळं सापडतं.

आता नीट ऐका. धमनी निघाली कुठून, यापेक्षा ती गेली कुठून हे महत्त्वाचं.

साखळीच्या एका दादांनी लिहिलंय, भावाची सर्कमफ्लेक्स उजवीकडून निघते म्हणून त्याने ठरलेलं लग्न पुढे ढकललं. वाचून जीव तुटला हो. ती बहुतेक वेळा महाधमनीच्या मागून वळसा घालून जाते आणि जन्मभर काही त्रास देत नाही. पुढेमागे झडपेचं ऑपरेशन झालंच, तर सर्जनला आधी सांगायचं, कारण टाके तिच्या अगदी जवळ पडतात. भावाचं लग्न लावून द्या, दादा!

पण डावी करोनरीच उजव्या खळग्यातून निघून महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्या मधून गेली, तर गोष्ट गंभीर. मी सीटीवर चित्र फिरवून तिचं तोंड बघते. एरवी गोल दिसणारं तोंड इथे अनेकदा चिरेसारखं चपटं दिसतं, आणि सुरुवातीचा तुकडा महाधमनीच्या भिंतीतच दडलेला असतो. धावताना महाधमनी फुगते, भिंतीतला तुकडा दाबला जातो, आणि नेमकं तेव्हाच हृदयाला रक्त जास्त हवं असतं. म्हणून पुन्हा सांगते, रिपोर्टमध्ये ‘इंटरआर्टेरियल’ (दोन धमन्यांच्या मधून) आणि ‘इंट्राम्यूरल’ (भिंतीच्या आतून) हे शब्द शोधा. ‘ओरिजिन’ वाचून थांबू नका.

बसल्या जागी काढलेला ईसीजी यात नॉर्मल येऊ शकतो. करोनरीचा जन्मजात दोष वर्षानुवर्षं खेळूनही लपून राहू शकतो. अमेरिकेचा नामवंत बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा वर्षं व्यावसायिक स्पर्धांत खेळला. 1988 मध्ये, वयाच्या 40व्या वर्षी, खेळतानाच गेला. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी करोनरी जन्मतःच नव्हती.

आणि आपल्याकडे? फुटबॉल खेळताना पोरगं कोसळलं की “उपाशी होता”, “ऊन लागलं” म्हणून लिंबूपाणी पाजतात आणि दुसऱ्या हाफला परत उतरवतात. मला याचा फार राग येतो. प्रार्थनेला उभं राहून चक्कर येणं वेगळं, ते बहुतेकदा साधं असतं. धावता धावता शुद्ध हरपणं किंवा छातीत दुखणं हे वेगळंच प्रकरण आहे.

पेडण्याच्या ताई, धावताना शुद्ध हरपलेल्या तुमच्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंत. तपासणी होईपर्यंत सराव नाही, मॅच नाही, कोच कितीही म्हणू देत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कार्डिओलॉजीला दाखवा. तिथे “चक्कर आली” एवढंच सांगू नका. “धावत असताना पडला, शुद्ध गेली” असं सांगा, आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) करोनरींची तोंडं दिसली का ते विचारा. नसतील दिसली, तर करोनरी सीटी लागेल का, हेही तिथेच विचारून घ्या.