पवनाकाठचे चिंचवड

श्रोतेहो, नमस्कार.

चिंचवड स्थानकावर उतरून महामार्गावर आलेल्या माणसाला हे गाव कारखान्यांचेच वाटते. जुने चिंचवड मात्र तेथून बरेच आत, पवनेच्या काठी वसले आहे, आणि या उपनगराचा मूळ स्वभाव कळायचा असेल, तर त्या घाटावरच जायला हवे.

मोरगावच्या मयूरेश्वराचे निस्सीम उपासक मोरया गोसावी यांनी येथे संजीवन समाधी घेतली. ‘गणपती बाप्पा मोरया’ या घोषातला ‘मोरया’ तो त्यांचाच, असे लोक श्रद्धेने मानतात. समाधिमंदिराचे बांधकाम १६५८ मध्ये सुरू झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी आजही येथून मोरगावला निघते; मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांतील तीन देवस्थानांचा कारभारही चिंचवडहूनच चालतो.

याच गावाने चापेकर बंधू दिले. प्लेगच्या काळातील जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यातील गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्या दोन वर्षांत दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघेही सख्खे भाऊ फासावर गेले. एका घराने एवढे दिल्यावर त्या घरातल्या बायकांचे दिवस कसे गेले असतील, हा विचार मला चापेकर चौकातून जाताना नेहमी अस्वस्थ करतो.

१९५४ मध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गावोगावचे कामगार येथे आले, स्थिरावले आणि चिंचवडकर झाले.

या साऱ्या वाढीचा भार पवनेने वाहिला आहे. मावळातील धरणातून येणारे तिचे पाणी शहर पिते आणि आपले सांडपाणी पुन्हा तिच्याच पात्रात सोडते. उन्हाळ्यात घाटावर उभे राहिले, तर पाण्याऐवजी जलपर्णीचा हिरवा थर दिसतो. जिच्या काठामुळे हे गाव तीर्थ झाले, तिची ही अवस्था पाहवत नाही. पावसाळ्यात धरणातून मोठा विसर्ग झाला, की हीच नदी घाटाच्या पायऱ्या चढून समाधिमंदिरात शिरते. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ उपसून फरशी धुतली जाते आणि समाधीची पूजा पुन्हा सुरू होते.