दोन बॉल देतो

(काळा पडदा. बॉलवर बॉल आदळतो. शांतता. मग क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावर चॉक घासल्याचा आवाज.)

निवेदन :

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका तळघरात पूल पार्लर आहे. त्याचं शटर सकाळी साडेदहाला वर जातं. त्याआधी पंधरा मिनिटं एक मुलगा पायरीवर येऊन बसलेला असतो. शेठ आले की हा लाइट लावतो, तिन्ही टेबलांवरची प्लास्टिकं काढतो, हिरव्या कापडावर ब्रश फिरवतो. या झाडलोटीच्या बदल्यात एक वाजेपर्यंत टेबल फुकट.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर एक डबा दिसतोय बघा. आईने भरून दिलेला आहे. सिडकोतल्या त्याच्या घरी सगळे समजतात, की मुलगा अंबडला एका कंपनीत जातो आणि तिथे ओव्हरटाइम फार असतो. म्हणून या फिल्ममध्ये त्याचं नाव येणार नाही, चेहराही नाही. हात दिसतील. तसेही बघण्यासारखे हातच आहेत.

नोकरी म्हटली की पगार आला. दर सात तारखेला आईच्या हातात काहीतरी ठेवावं लागतं. तो पूल खेळून ते पैसे कसे उभे करतो, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

(दृश्य : दुपार. पोरांचा घोळका. भिंतीवर तासाचे दर.)

पार्लरचा एक अलिखित नियम असतो : हरेल तो टेबलचे पैसे भरेल. सतराव्या वर्षी त्याला हा नियम म्हणजे लॉटरी वाटली. हरायचं नाही, म्हणजे खेळ फुकट! दोन वर्षांत तो क्वचितच हरायला लागला, आणि तिथेच गोची झाली. हरणार हे माहीत असताना तासाचे पैसे भरायला कोण उभं राहील? पोरं त्याला बघून क्यू ठेवायला लागली.

मग तो बॉल द्यायला लागला. पूलच्या आठ-बॉल प्रकारात प्रत्येकाने आपले सात पॉट करायचे, म्हणजे टेबलाच्या खिशात घालवायचे, आणि शेवटी काळा. "तुझे दोन आधीच पॉट झालेले धर. तुला पाच, मला सात." एवढं दिलं की गिऱ्हाईक तयार होतं. तो जिंकत राहिला की पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक अडीच मागतं. अडीच बॉल कसे देतात ते विचारू नका. पार्लरात सगळं देतात.

फिलिपिन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेस, त्यालाही हीच अडचण होती. 1985 साली तो अमेरिकेत ह्यूस्टनला खेळायला उतरला तेव्हा त्याने सीझर मोरालेस हे नाव लावलं. खरं नाव कळलं असतं, तर पैसे लावून त्याच्यासमोर कोणी उभंच राहिलं नसतं. 1999 मध्ये तो नऊ-बॉलचा, म्हणजे पूलच्याच दुसऱ्या प्रकाराचा, विश्वविजेता झाला. आपल्या माणसाची पंचाईत अशी, की नाशिक रोडपासून गंगापूर रोडपर्यंत पार्लरं मोजकी, आणि त्याचा ब्रेक, म्हणजे बॉल फोडणारा पहिला फटका, बघून सगळे ओळखतात. नाव बदलून जाणार कुठे?

(दृश्य : मोबाइलच्या स्क्रीनवर जेद्दाहची मॅच. त्याचा अंगठा.)

2024 च्या, सौदी अरेबियातल्या जेद्दाहच्या नऊ-बॉल विश्वस्पर्धेचं एकूण बक्षीस होतं 10 लाख डॉलर. विजेत्या फ्योदोर गॉर्स्टला त्यातले अडीच लाख मिळाले, तेही फायनलमध्ये 15-14 असा शेवटचा रॅक, म्हणजे डाव, जिंकून. हा व्हिडिओ आपल्या माणसाने किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. पण त्याला दुसरी गोष्टही पाठ आहे. 2006 मध्ये त्याच रेयेसने अमेरिकेत रीनोला आठ-बॉलचं 5 लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं, तोवरचं पूलमधलं सगळ्यात मोठं. आयोजकांकडे द्यायला पैसेच नव्हते. खेळाडूंना हप्त्याहप्त्याने मिळाले. "जगज्जेत्याची उधारी राहिली, तर माझं काय घेऊन बसलात," तो म्हणतो आणि हसतो.

आपल्याकडे क्यूच्या खेळाला इतिहास कमी नाही. स्नूकरचा जन्मच जबलपूरचा, 1875 चा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. पण पोट भरतं ते नोकरीवर. बिलियर्ड्स-स्नूकरचे विश्वविजेते पंकज अडवाणीही ओएनजीसी या तेल कंपनीत नोकरीला आहेत. पेट्रोलियम कंपन्यांच्या क्रीडा मंडळाचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत पुढे दिसतात त्याचं कारण हेच : महिन्याचा पगार असेल तर माणूस शांतपणे सेफ्टी, म्हणजे धोका न पत्करता समोरच्याला अडवणारा फटका, खेळू शकतो. अशा जागा किती, आणि त्यातल्या पूलवाल्यांच्या वाट्याला किती?

(दृश्य : पाऊस. तळघराच्या पायऱ्यांवरून ओघळणारं पाणी.)

पावसाळ्यात इथलं कापड ओल धरतं. बॉल जड धावतो. तीच व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, तोच जोर, पण ती वीतभर अलीकडे थांबते. मग हात आपोआप जास्त जोर लावायला शिकतो. गेल्या श्रावणात तो सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला स्पर्धेला गेला. तिथे एसी हॉल, नऊ फुटी टेबल, ताणून बसवलेलं नवं कापड. पहिल्याच रॅकमध्ये त्याची व्हाइट हातभर पुढे गेली. दुसऱ्यातही. अंदाज बसेपर्यंत पाच रॅक हातचे गेले होते. एंट्री फी, तिकीट, कल्याणच्या मावशीकडे नेलेला चिवडा, सगळं पकडून त्या दिवसाचा हिशोब त्याने आम्हाला वहीत दाखवला. शेवटी लिहिलंय : "सराव – एसीत करणे." खाली रेघ मारून : "कुठे?"

(दृश्य : अगदी जवळून. बोटं, ब्लेड, क्यू.)

महिन्याच्या कमाईतला भरवशाचा भाग हा : क्यूच्या टिपा बदलणं. क्यूच्या टोकाला चामड्याची गोल टिप असते, नखाएवढी. ती घासून चपटी झाली की बॉलला स्पिन लागत नाही, क्यू सटकतो. तो जुनी टिप ब्लेडने उडवतो, टोक पॉलिश पेपरवर सपाट करतो, दोन थेंब गोंद, नवी टिप, वरून अंगठा. मग मनात साठ आकडे मोजतो, ओठ हलताना दिसतात. शेवटी पॉलिश पेपरने कडा गोल करतो, नाण्याच्या कडेशी जुळवून बघत. एका टिपचे दीडशे रुपये. शिवाय रविवारी चार मुलांची शिकवणी. मॅचचे पैसे धरायचेच नाहीत, असं त्याने ठरवलंय. तरी धरतो.

(दृश्य : संध्याकाळ. भिंतीवरचं कॅलेंडर, सहा तारीख.)

आम्ही शूटिंग आवरत होतो. गंगापूर रोडकडचा एक नवा मुलगा आला, स्वतःचा क्यू, स्वतःची केस. याच्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं. कोणीतरी त्याला आधीच सांगितलेलं असावं.

"दोन बॉल देतो," हा म्हणाला.

"तीन द्या ना, दादा."

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. मग डबा सोफ्यावरून उचलून खाली ठेवला, म्हणजे मुलाला बसायला जागा होईल, आणि त्रिकोण टेबलावर ठेवून एकेक बॉल त्यात सरकवायला लागला.

"लाव," तो म्हणाला. "ब्रेक तुझा."