कॅसेट आधी, चांदोबा नंतर

मंडळी, लहानपणच्या मालिका आणि राक्षस-राजकन्यांच्या गोष्टी आठवून गहिवरणारे पुष्कळ आहेत. गहिवर असू द्या. आज बोलायचं आहे ते माळ्यावरच्या खोक्याबद्दल. त्यातून साधारण दोन प्रकारचा ऐवज निघतो. एक, चांदोबाचे सुटे किंवा बांधलेले अंक. दुसरा, दूरदर्शनवरून घरी टेप केलेल्या व्हीएचएस कॅसेटी. वेळ थोडा असेल तर हात आधी कशाला घालायचा? बहुतेक जण अंकांना घालतात. पानं पिवळी पडलेली दिसतात, कोपरे तुटून हातात येतात, जीव कळवळतो. कॅसेट मात्र बाहेरून ठणठणीत दिसते. फसगत होते ती इथेच. पिवळा कागद डोळ्यांनी वाचता येतो, कॅसेटला यंत्र लागतं. आणि जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र बनत नाही. जुन्यांचे रबरी पट्टे आणि फितीवरचं चित्र वाचणारे हेड झिजत चालले आहेत. म्हणून कॅसेट आधी.

त्यावर लगेच शंका येते, की 'विक्रम और वेताल' काय किंवा नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान काय, हे सगळं आता इंटरनेटवर आहेच, मग धुरकट कॅसेटीची उठाठेव कशाला? शंका रास्त आहे. मालिकेसाठी उठाठेव नकोच. मालिकेच्या आधी आणि नंतर जे टेप झालंय, त्यासाठी करायची. निवेदिकेची घोषणा, 'व्यत्यय'ची पाटी, साबण-बिस्किटांच्या जाहिराती, बातम्यांआधीचं घड्याळ. हे जपून ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरोघरी तर जाहिरात आली की पॉजचं बटण दाबायची शिस्तच होती, कारण कोरी कॅसेट महाग. त्यामुळे ज्या घरात बटण दाबायला कुणी बसलं नव्हतं, त्या घरची कॅसेट आज जास्त मोलाची!

घरच्या टेपांनी काय साधतं याचा मोठा दाखला इंग्लंडचा आहे. 'डॉक्टर हू' या अद्भुत मालिकेचे १९६०च्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने पुसून टाकले. टेप महाग होती आणि पुनःप्रसारणाची किंमत तेव्हा कुणाला दिसत नव्हती. त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज सगळाच्या सगळा उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो घरी उतरवून घेतला होता.

आता कामाकडे वळू. कॅसेट हातात घेतली की पहिलं काम: पाठीच्या कडेला डाव्या टोकाला जी छोटी प्लास्टिकची खाच-पट्टी असते, ती शाबूत असेल तर मोडून टाका. ती मोडली की यंत्र त्यावर नवं काही टेप करू शकत नाही. हे न करता घाईत चुकीचं बटण दाबलं, तर १९८८ सालची संध्याकाळ कायमची गेली.

दुसरं काम, खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे तिरप्या उजेडात बघणं. गुंडाळीच्या कडा काळ्या-तपकिरी आणि सलग चकचकीत दिसल्या पाहिजेत. पांढरे ठिपके, पिठासारखी पूड किंवा जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. अशी कॅसेट यंत्रात कधीही घालू नका. बुरशी हेडवर बसते, चित्र जातं, आणि मग त्याच यंत्रात घातलेल्या पुढच्या निरोगी कॅसेटलाही ती लागते. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठ-दहा दिवस ठेवून कॅसेट कोरडी करायची. मग तोंडाला मास्क लावून, मागचे पाच स्क्रू काढून, फीत नव्या कवचात घालायची आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाला हलकेच लावत सावकाश गुंडाळून घ्यायची. हे काम जमत नसेल तर जाणकाराकडे द्या. ओव्हनमध्ये कॅसेट भाजण्याचे उपाय कुठेकुठे वाचायला मिळतात. ते वेगळ्या रोगावर, वेगळ्या फितींसाठी आणि नेमक्या तापमानाच्या भट्टीत करायचे असतात, स्वयंपाकघरात नव्हे. आणि हे सगळं दिवाळी ते होळी या कोरड्या महिन्यांत. आषाढ-श्रावणात कॅसेट उघडूच नका.

ही फीत किती नाजूक असते ते आकड्यांत पाहा. रुंदी १२.७ मिलिमीटर, तीन तासांच्या कॅसेटमध्ये लांबी सुमारे २५८ मीटर, आणि जाडी एक मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. ६२ मिलिमीटर व्यासाचं हेडचं ढोलकं आपल्याकडच्या 'पाल' (PAL) या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेऱ्या घेत या फितीवर घासत असतं. बरीच वर्षं पडून राहिलेली कॅसेट म्हणून एकदम प्ले करायची नाही. आधी टोकापर्यंत पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. मधेच यंत्र कण्हल्यासारखा आवाज करू लागलं तर थांबवा. ओढाताण केली की फीत ताणली जाते, आणि ताणलेली फीत पूर्ववत होत नाही.

चित्रात मुंग्या आल्या तर दोष कॅसेटचाच असेल असं नाही. बरेचदा हेड मळलेलं असतं. कानातली कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे हेडमध्ये अडकून ते तुटतं. साबराच्या कातड्याची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ढोलक्याला स्थिर टेकवायची आणि ढोलकं हाताने आडवं फिरवायचं. काडी वर-खाली घासली की हेड गेलंच समजा.

संगणकात उतरवताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्वस्तातल्या यूएसबी जोडणीने. जुन्या फितीवरून येणारा संकेत थरथरता असतो, प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते. जोडणीला तो पेलत नाही, ती चौकटी, म्हणजे चित्राच्या फ्रेम, गाळते, आणि अर्ध्या तासाने वेताळाचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. उपाय म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर घालणं. तो प्रत्येक ओळ धरून वेळेवर सोडतो. वेगळं यंत्र परवडत नसेल तर काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरांमधून संकेत नुसता पुढे जाऊ दिला तरी बऱ्यापैकी काम भागतं. मूळ प्रत ७२० गुणिले ५७६ मापाची, सेकंदाला २५ चौकटींची, इंटरलेस्ड (म्हणजे प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची) तशीच ठेवायची आणि दर्जा न घटवणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्रण साठवायच्या पद्धतीत, साठवायची. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा जाते; जाऊ द्या. घरच्यांना पाठवायची प्रत त्यावरून वेगळी करा, ती सेकंदाला ५० चौकटींची. २५ची केलीत तर हालचाल अडखळते, आणि दूरदर्शनच्या स्टुडिओतल्या चित्रणाचा जो सळसळता जिवंतपणा आपल्या डोळ्यांत बसलाय तो जातो. चित्राच्या तळाशी काही ओळी लवलवताना दिसतील. तो बिघाड नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड तो भाग झाकला जायचा, इतकंच.

आता चांदोबा. मद्रासला १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या 'चंदामामा'चा हा मराठी भाऊ. चित्रं सगळ्या भाषांत तीच, मजकूर त्या त्या भाषेतला. म्हणून फाटलेलं चित्र हिंदी अंकावरून पुरं करता येतं, पण तसं केलं तर फाइलच्या नावात नोंदवा, नाहीतर पुढच्या माणसाची दिशाभूल होते. इथेही पॉजच्या बटणासारखाच प्रकार झालेला आढळतो. हौशी वाचकांनी धारावाहिक कथांची तेवढी पानं काढून बांधून घेतली आणि जाहिराती, फोटोंना ओळी सुचवायची स्पर्धा, वर्गणीचे दर असलेली पानं रद्दीत गेली. सुटा, अखंड अंक मिळाला तर तो बांधायला देऊ नका.

अंकाचा पहिला शत्रू मधली पिन. ती गंजते आणि भोवतालचा कागद खाते. अंक मधोमध उघडून पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीने सरळ करायचे, मग पिन मागून उचलायची, ओढायची नाही. दुसरा शत्रू सेलोटेप, तिसरं लॅमिनेशन. दोन्हींचा डिंक पिवळा पडतो आणि परत काढता येत नाही. बाइंडरकडच्या मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे. कीड थांबते, पण मोरचुदातलं तांबं कागदाचा ऱ्हास वाढवतं. कसर लागली असेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरतं. डांबराच्या गोळ्या अंकांत नकोत, कॅसेटींजवळ तर नकोच. त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते.

स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठचा मजकूर झिरपल्यासारखा दिसत नाही. ६०० पीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करून मग लहान केलं की छपाईच्या ठिपक्यांच्या लाटा उमटत नाहीत. आणि पिवळेपणा घालवून पान पांढरंशुभ्र करायचा मोह आवरा. वाचनाची प्रत हवी तशी उजळा, मूळ स्कॅन आहे तसं राहू दे.

जाहीरपणे टाकण्याआधी एवढं लक्षात घ्या, की आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटासारख्या चित्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८५चं चित्रण २०४५ संपेपर्यंत दुसऱ्याचं आहे.

कॅसेटवर तारीख नसते, असते ती 'रामायण + लग्न' अशी पेनने लिहिलेली चिठ्ठी. तारीख जाहिरातींतून शोधा. नव्याने बाजारात आल्याची जाहिरात, सणाच्या शुभेच्छा, क्रिकेटचा धावफलक, मुख्यमंत्र्यांचं नाव, यांतून बहुतेकदा महिन्यापर्यंत पोचता येतं. सापडलेली तारीख आणि ती कशावरून ठरवली, दोन्ही लिहून ठेवा. जुनी चिठ्ठी काढू नका, तिचा फोटो घ्या. आणि उतरवून झालं तरी कॅसेट टाकू नका. उभी ठेवा, पूर्ण मागे गुंडाळून, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही तर घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात.