शंभरचा प्लॅन पंच्याऐंशीवर का लावायचा? गेमिंगसाठी वायरवाला राऊटर

नमस्कार मंडळी, इंदूरहून. "भिया, मॉडेलचं नाव सांगा, भाषण नको" अशा कमेंटांनी मागचा व्हिडिओ भरलाय. नाव सांगणार आहे. पण भाषणही होणार, कारण नुसतं नाव ऐकून तुम्ही सिल्व्हर मॉलमधून डबा आणाल आणि रात्री ऐन मॅचमध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरला जाऊन परत यायचा वेळ, पुन्हा उडेल.

सोपं आहे ते पटापट. सगळे पोर्ट गिगाबिट हवेत, म्हणजे १००० एमबीपीएसचे. वॅनचासुद्धा, म्हणजे बाहेरची लाइन जिथे येते तो. स्वस्त डब्यांवर वाय-फायचा आकडा १२०० छापलेला असतो आणि मागचे पोर्ट निघतात १०० चे. केबल कॅट ५ई पुरते, कॅट ६ उत्तम, पण आत अस्सल तांबं पाहिजे. अँटेना सहा असोत की शून्य, आपण वायरने खेळणार आहोत. पुढे.

(प्लग कॅमेऱ्याजवळ धरून) हे मात्र नीट बघा. पिना आठ, आणि आत तारा? चारच! रामबागेत एका काकांकडे लाइन टाकणाऱ्याने एकाच केबलच्या दोन जोड्या टीव्हीला दिल्या, दोन कॉम्प्युटरला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोन जोड्यांवर १०० च्या वर जातच नाही. काका पैसे भरत होते ३०० च्या प्लॅनचे, स्पीड टेस्ट दाखवायची ९४. आणि ते निघाले होते नवा राऊटर घ्यायला. वेगळी केबल ओढली, नवा प्लग मारला, काम झालं.

आता खरं दुखणं. कॉम्प्युटरवर पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. १५ चा पिंग ३०० वर गेला, तर तुमचा स्पीड कमी नाहीये, रांग मोठी झालीये. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर पुढचा माणूस ऑफिसची चाळीस पार्सलं सांगतो आणि तुम्हाला हवी असते एक प्लेट. गेमचं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, ही ती एक प्लेट. पार्सलवाला बहुतेक वेळा घरचाच असतो: कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, नाहीतर वहिनींच्या फोनवरचा लग्नाच्या फोटोंचा बॅकअप.

यावरचा इलाज म्हणजे एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळणारी सोय. आत एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची पद्धत चालते. ती प्रत्येकाची रांग वेगळी ठेवते आणि कुठली फुगायला लागली की लगेच आवरते. पण तिला तुमच्या लाइनचा वेग सांगावा लागतो, आणि तो खऱ्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी सांगायचा. इथेच सगळे माझ्याशी भांडतात. "पैसे शंभरचे द्यायचे आणि वापरायचे पंच्याऐंशी?"

हो! रांग लागते जिथे वाट अरुंद होते तिथे. पूर्ण १०० सोडलेत तर ती कंपनीच्या डब्यात, म्हणजे इंटरनेट कंपनीने बसवलेल्या मोडेममध्ये लागेल, आणि तिथे तुमचा हुकूम चालत नाही. थोडं कमी ठेवलंत की ती तुमच्या राऊटरमध्ये लागते.

पटत नाही? हिशोब करा. अपलोड २० एमबीपीएस. कंपनीच्या डब्यात १ एमबी माल अडकला, म्हणजे ८ मेगाबिट. आठ भागिले वीस, ०.४ सेकंद. झाले की ४०० मिलिसेकंद! इंदूरहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन परत यायला फायबरमध्ये प्रकाशाला सहा-सात मिलिसेकंद पुरतात. बाकीची वाट बघणं घरातलंच.

तरीही कुणी लिहीलच, "माझ्या राऊटरला गेमिंग मोडचं बटण आहे." असू दे. त्या बटणाने तुमचं पाकीट राऊटरमधून आधी सुटेल आणि पुढच्या डब्यात त्याच रांगेत जाऊन उभं राहील. वेग कमी केल्याशिवाय ते बटण नुसता दिवा आहे. अपलोडचा आकडाही भरा बरं का, निम्मे लोक डाउनलोड भरून मोकळे होतात.

आता नावं. एसक्यूएम लावलं की प्रत्येक पाकीट प्रोसेसरच्या हातून जातं, खोक्यावर छापलेला वेग तेव्हा मिळत नाही. म्हणून १०० च्या आसपासच्या प्लॅनला मायक्रोटिकचा हेक्स: पाच गिगाबिट पोर्ट, वाय-फाय नाहीच, आणि त्याच्या राऊटर ओएस ७ या सॉफ्टवेअरमध्ये केक आहे. मेनू बघून घाम फुटेल, तर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राऊटर घ्या, तिथे एसक्यूएमचं पान सरळ आहे. ५०० च्या वरच्या प्लॅनला दोन लॅन पोर्टचा इंटेल एन१०० मिनी पीसी, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी. वाय-फायसाठी जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वाय-फाय देणारा डबा, करून जोडा, फेकू नका.

कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो नुसता मोडेम राहील, नाहीतर नॅट, म्हणजे घरच्या पत्त्यांऐवजी बाहेरचा एक पत्ता लावणं, दोनदा होतं. नव्या राऊटरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला, तर नॅट कंपनीकडेही आहे. ते कुठल्याच राऊटरने सुटत नाही, कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा स्वतःचा पत्ता, मागावा लागतो.

कमेंटमध्ये राऊटरचे फोटो पाठवू नका. प्लॅन किती, रिकाम्या लाइनवर पिंग किती आणि अपलोड चालू असताना किती, एवढं लिहा. त्यावरून सांगतो, राऊटर बदलायचा की नुसता प्लग.