चवडा मोकळा, टाच घट्ट

नमस्कार, श्रोतेहो. पहाटे रंकाळ्यावर धावणारे बरेच जण धावायचे बूट घ्यायला दुकानात गेल्यावर चपलेचा नंबर सांगतात आणि तिथंच फसतात. चपलेत बोटं मोकळी पसरतात, बुटात ती कोंडतात. तेव्हा आधी पाय मोजा, तोही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं.

भिंतीला टाच टेकवून कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पावलाभोवती रेघ मारायला सांगा. पेन्सिल उभीच धरायची. तिरकी झाली की माप चुकलं. दोन्ही पावलं तंतोतंत सारखी क्वचितच असतात. बूट मोठ्या पावलाचा घ्या.

दुकानात धावायचे मोजे घालून जा. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, काढा आणि त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढं 10 ते 12 मिलिमीटर जागा हवी. कित्येकांचं ते बोट अंगठ्याशेजारचं असतं. करंगळी इनसोलबाहेर येत असेल तर मोठा नंबर घेऊ नका, त्याच नंबरात रुंद माप मागा. पुरुषांच्या बुटात रुंदीचं डी हे माप नेहमीचं, टू-ई रुंद. नंबर वाढवला की टाच निसटते आणि फोड येतात.

ओल्या पावलाच्या ठशावरून कमान ओळखून बूट सुचवतात, त्यावर फार विसंबू नका. अमेरिकी सैन्यातल्या नवभरतीच्या जवानांना पावलाच्या कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. जुन्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला झिजली असेल तर तोही दोष नव्हे, बहुतेकांची तशीच झिजते.

ड्रॉप मात्र जरूर विचारा. ड्रॉप म्हणजे टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. 10 मिलिमीटरची सवय असताना एकदम 4 वर आलात, तर पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. बदल हळूहळू, सुरुवातीला छोट्या अंतरावर करा.

पन्हाळ्याचा घाट उतरताना पाऊल पुढं सरकून नख काळं पडतं. त्यासाठी लेस सगळ्यात वरच्या भोकातून त्याच बाजूनं आत घेऊन छोटा फास ठेवा, समोरची लेस त्यातून ओवा आणि आवळा. टाच जागची हलत नाही.

पावसात भिजलेले बूट इनसोल काढून, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर गोंद सुटतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बुटाच्या तळातला फोम दबून बसतो. वरून बूट नवा दिसला तरी.