रॉथशिल्डांच्या पेढीवरचा पिसवांचा अभ्यासक

नमस्कार. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात माणसे पटापट मरू लागली, तेव्हा मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. पुढच्याच वर्षी पुण्यात या साथीने सावित्रीबाई फुले यांचा बळी घेतला आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली चाललेल्या जुलमाच्या संतापातून चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मात्र उंदराच्या अंगावरून माणसाकडे हा रोग नेणाऱ्या पिसवेचे शास्त्रीय नामकरण लंडनच्या एका बँकरने केले, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांचे नाव चार्ल्स रॉथशिल्ड.

रॉथशिल्ड घराण्याची श्रीमंती सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे: 1875 मध्ये ब्रिटिश सरकारला सुएझ कालव्याचे समभाग तातडीने विकत घ्यायचे होते, तेव्हा लागणारे 40 लाख पौंड चार्ल्स यांचे आजोबा लायोनेल यांनी उभे करून दिले. अशा घरात 1877 मध्ये जन्मलेल्या मुलाला पैशाची ददात असण्याचा प्रश्नच नव्हता. कमतरता होती ती मोकळ्या वेळेची. थोरले बंधू वॉल्टर यांचा जीव प्राणिसंग्रहात इतका गुंतलेला होता की त्यांनी लंडनमध्ये गाडीला झेब्रे जुंपून दाखवले होते, आणि अखेर 1908 मध्ये त्यांनी पेढीचे काम सोडले. घरच्या व्यवसायाचा भार धाकट्याच्या खांद्यावर आला. चार्ल्स यांनी तो कुरकुर न करता वाहिला आणि कीटकांचा अभ्यास कामातून उरलेल्या वेळात केला. ‘हौशी’ हा शब्द त्यांना लावला जातो, पण मला तो अपुरा वाटतो, कारण या हौसेतून सुमारे 500 नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध झाली.

पिसू ओळखणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. दोन-अडीच मिलिमीटरचा हा जीव आधी दाहक पोटॅशच्या द्रावणात भिजवून पारदर्शक करतात, मग काचपट्टीवर डिंकासारख्या बाल्सममध्ये बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे केस व काटे न्याहाळतात. काही पिसवांच्या गालावर आणि पाठीवर कंगव्याच्या दातांसारखी काट्यांची ओळ असते, काहींना ती मुळीच नसते. नराच्या जननेंद्रियांची ठेवण तर जातीगणिक बदलते. 1901 मध्ये सुदानमध्ये नाईलकाठच्या शेंडी गावी चार्ल्स यांना उंदरांवर कंगवा नसलेली एक पिसू सापडली. 1903 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यांनी पिरॅमिड बांधणाऱ्या फॅरोच्या नावावरून तिला ‘किऑपिस’ म्हटले. आज ती ‘झेनोप्सिला किऑपिस’ म्हणून ओळखली जाते.

प्लेग पिसवांमार्फत पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच कराचीतील प्रयोगावरून मांडले होते, पण त्या वेळी फार थोड्यांनी ते मानले. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने मग प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग ठेवले. मोकळ्या सोडलेल्या प्राण्यांना रोग जडला, तर पिसू आत शिरणार नाही अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले वाचले. मुंबईच्या उंदरांवर सापडणारी मुख्य पिसू होती ती हीच, दोन वर्षांपूर्वी नाव मिळालेली किऑपिस. नावाला इथे किंमत आहे, कारण सगळ्याच पिसवा प्लेग सारख्या प्रमाणात पसरवत नाहीत. हिच्या जठराच्या तोंडाशी जिवाणूंचा बोळा बसतो, रक्त आत जात नाही, आणि उपाशी राहिलेली पिसू पुन्हा पुन्हा चावत राहते. दर चाव्यासरशी रोगाचे जिवाणू नव्या शरीरात उतरतात. उंदीर मेला की ती दुसरा यजमान शोधते, आणि दाटीवाटीच्या चाळीत तो बहुधा माणूसच असे.

चार्ल्स यांचे आणखी एक काम मला पिसवांइतकेच मोठे वाटते. फुलपाखरांना नुसते कायदेशीर संरक्षण देऊन भागत नाही, त्यांची राहती जागा राखावी लागते, हे त्यांनी फार लवकर ओळखले. 1910 मध्ये त्यांनी वुडवॉल्टन फेन ही पाणथळ जमीन स्वतः विकत घेतली, 1912 मध्ये निसर्गक्षेत्रे राखण्यासाठी संस्था स्थापन केली आणि 1915 मध्ये, महायुद्ध चालू असताना, जपण्याजोग्या 284 ठिकाणांची यादी सरकारपुढे ठेवली. तिच्याकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

पुढे दीर्घ आजारपणाने त्यांना गाठले आणि 1923 मध्ये, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. तेव्हा त्यांची कन्या मिरियम पंधरा वर्षांची होती. तीही मोठेपणी पिसवांची नामांकित अभ्यासक झाली. वडिलांच्या संग्रहाची सचित्र सूची तिने एका सहकाऱ्यासोबत हाती घेतली आणि तिचा पहिला खंड 1953 मध्ये निघाला.