रस्ता ‘द्या’ की ‘मोकळा करा’?

मंडळी, पत्रिकेत विषय ‘वादविवादातील नेमकी भाषा’ असा भारदस्त छापलाय. पण कोकणात वाद म्हटला की आधी वाट आठवते, तेव्हा तिथूनच निघू.

शेजाऱ्याने पायवाटेवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. माणूस तहसीलदारांकडे अर्ज करतो: ‘मला माझ्या कलमांच्या बागेत जाण्यासाठी रस्ता मिळावा.’ अक्षर सुबक, विनंती नम्र, आणि घात ‘मिळावा’मध्ये. मिळावा म्हणजे आज नाही! नसलेला रस्ता हद्दीवरून मागायचा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. असलेला अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. (बागेतलं कलम वेगळं, हे वेगळं, दोन्ही जपावी लागतात.) पहिल्यात गरज पटवायची, दुसऱ्यात वहिवाट आणि अडथळा सिद्ध करायचा. म्हणून तिथे लिहायचं, ‘अडथळा दूर करून रस्ता मोकळा करावा’. दुसऱ्याला मुदतही आहे, अडथळा झाल्यापासून ६ महिने.

आता विचारा, गडगा कधी घातला? उत्तर येतं, ‘मध्यंतरी’. अहो, मध्यंतर नाटकाला असतं, मुदतीला नसतं. मग ‘माझो आजो हयसूनच जायचो’. जात असेलही. पण अर्जात हवं ते असं: कोणत्या सर्व्हे नंबरातून, कोणत्या हिश्शातून, गडग्याच्या कोणत्या अंगाने, किती फूट रुंद, पावसात चालू होती का, आणि बंद झाली ती तारीख. माणूस जायचा की टेम्पो, हेही लिहा. नुसतं ‘वहिवाट होती’ म्हटलंत, तर समोरचा म्हणेल, आंब्याच्या पेट्या डोक्यावरून न्या की!

तेवढ्यात कोणीतरी ‘आमचे चाळीस गुंठे’ काढतो. सातबाऱ्यावर असतात आर. गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७६. चाळिसाला फरक पडला सुमारे ५०० चौरस फुटांचा. तेवढ्यात छोटं घर बसतं. दोन भाऊ मात्र बसत नाहीत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग जाहीर केलेला विषय पटापट.

वाद ज्या शब्दावर आहे त्याचा अर्थ आधी दोघांनी ठरवावा. ‘रस्ता’ म्हणजे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, की गाडीवाट? ‘पुष्कळ’, ‘कायम’, ‘सगळे’ यांच्या जागी आकडा किंवा तारीख घालावी. समोरच्याचं म्हणणं आपण असं मांडावं, की तोच म्हणेल, ‘हां, ह्याच म्हणतंय मी’. त्यानंतर खोडावं.

आणि सर्वनामं सांभाळा. ग्रामसभेत ‘आमची पाखाडी’ म्हटलंत की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपली’ म्हटलंत की तो आत आला. अर्जात मात्र ‘आपल्या जागेतून’ लिहू नका, वाचताना ती जागा तहसीलदारांची होते.

चहा आलाय म्हणतात. प्रश्न जरूर विचारा, फक्त ‘पूर्वीपासून’ने सुरुवात नको.